उकिरड्याची दैना फिटते ती कशी?

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. वाईट दिवस कुणाचेच कायमचे राहत नाहीत, हा तिचा मतलब. पण ज्यांनी ही म्हण केली त्यांच्या डोळ्यांसमोरचा उकिरडा जरा आठवून पाहा. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, खरकटं, पालापाचोळा आणि अंगणातला केर. वर्षभर कुजत पडलेला हा ढीग पावसाळा तोंडावर आला की गाडीत भरायचा आणि शेतात नेऊन पसरायचा. त्या उकिरड्याला खरं तर बारा वर्षं वाट पाहावीच लागत नव्हती. दर मृगाला त्याची दैना फिटत होती, आणि त्याच्याबरोबर शेताचीही.

आज आपण ज्याला डम्पिंग ग्राउंड म्हणतो, तो शहराचा उकिरडा मात्र निराळा आहे. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, काचा आहेत, फाटके कपडे, संपलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, घरदुरुस्तीचा राडारोडा आहे. आणि या सगळ्यात कालवलेलं ओलं खरकटं आहे. हा ढीग खत म्हणून कुणी शेतात नेत नाही. तो साठत जातो, चढत जातो आणि एक दिवस ‘आता पुरे’ म्हणून बंद केला जातो. त्यानंतर त्याचं काय होतं? तिथं पुन्हा गवत, झाडं, फुलपाखरं, पक्षी येऊ शकतात का? येत असतील तर आपोआप येतात, की आणावे लागतात? या प्रश्नांवर गेली तीस-पस्तीस वर्षं जगात शिस्तीनं संशोधन चालू आहे. त्यातून निघालेली उत्तरं आपल्या शहरांनाही थेट लागू पडणारी आहेत. तीच आज आपण पाहू.

सुरुवात घरापासूनच करू. मुंबईत शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावीच्या समोर, मिठी नदीच्या काठाला ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ आहे. जागा सुमारे ३७ एकरांची. रस्त्यावर वाहनांची ही गर्दी. पण फाटकातून पन्नास पावलं आत गेलं की डोक्यावर सावली येते आणि हॉर्नच्या आवाजात तांबटाची टुकटुक मिसळू लागते. शंभराहून अधिक जातींचे पक्षी इथं नोंदले गेले आहेत. इथं पहिल्यांदा आलेल्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही, की आपण उभे आहोत ती जमीन एकेकाळी शहराचा कचरा टाकायची जागा होती. १९८३ मध्ये इथलं पहिलं झाड लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी. तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी वर्षं ओलांडली होती. १९८७ मध्ये ते गेले. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनाला, उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पहिल्या झाडापासून अकरा वर्षं झाली होती. म्हणीतल्या हिशेबापेक्षा एक वर्ष कमीच!

मग सगळीकडे असंच का होत नाही? बंद झालेल्या कचराभूमीवर माती टाकावी, रोपं लावावीत, पाणी घालावं आणि दहा-बारा वर्षं थांबावं, झालं. पण इतकं ते सोपं नाही. त्याचं कारण मातीच्या वर नसून खाली आहे.

कचऱ्याचा ढीग बंद झाला म्हणजे मेला असं होत नाही. दाबून बसलेल्या कचऱ्यात हवा पोचत नाही. अशा जागी हवेशिवाय जगणारे जिवाणू ओला कचरा कुजवतात आणि त्यातून वायू तयार होतो. त्यात साधारण अर्धा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन म्हणजे जळणारा वायू. उघड्या कचराभूमीवर आगी लागतात आणि विझता विझत नाहीत, त्यात याचा मोठा वाटा असतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस अर्ध्या मुंबईच्या नाकात होता, हे अनेकांना आठवत असेल. हाच वायू वर येताना मातीच्या पोकळ्यांमधली हवा हुसकून लावतो. झाडाच्या मुळांनाही श्वास लागतो. तो मिळाला नाही की वरून पाणी घातलेलं, खत घातलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. जगभरात कचऱ्याच्या टेकड्यांवर हौसेनं केलेली कितीतरी लागवड अशी गुदमरून गेली आहे.

दुसरी अडचण पाण्याची. ढिगावर पडलेला पाऊस आत मुरतो आणि सगळ्याची घाण घेऊन काळ्या पाण्याच्या रूपानं खालून पाझरतो. ते विहिरीत, ओढ्यात, खाडीत गेलं तर तिथलं जगणं संपवतं. तिसरी अडचण अशी, की कुजता कुजता ढीग खाली बसत जातो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. आज सपाट केलेल्या जागी उद्या खड्डा पडतो, भेगा पडतात.

म्हणून कचराभूमी शास्त्रीय पद्धतीनं बंद करताना तिच्यावर एक झाकण बसवतात. आधी उतार नीट करायचे. मग घट्ट चोपलेल्या चिकणमातीचा किंवा जाड प्लास्टिकच्या चादरीचा, पाणी न झिरपणारा थर द्यायचा. वायूसाठी विहिरी आणि नळ बसवायचे. काळं पाणी गोळा करून शुद्ध करण्याची सोय करायची. आणि या सगळ्यावर माती पसरायची. ही माती पुष्कळदा दोन-अडीच फुटांचीच असते. म्हणजे निसर्गाला जी काही नवी वस्ती करायची, ती एवढ्याशा गोधडीवर!

इथंच अभियंते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्यात बरीच वर्षं वाद होता. अभियंते म्हणत, झाडं नकोतच. मुळं झाकण फोडतील, वायू बाहेर येईल, पाणी आत जाईल. ब्रिटनमध्ये तर अशा जागी झाडं लावू नयेत असाच सरकारी सल्ला असे. मार्टिन डॉब्सन आणि अँडी मोफॅट या तिथल्या वनखात्याच्या संशोधकांनी या समजुतीची नीट छाननी केली आणि १९९३ मध्ये अहवाल दिला. त्याचा सारांश असा, की झाडाची मुळं आपल्याला वाटतात तशी पाताळात जात नाहीत. बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच पसरतात. नीट चोपलेल्या चिकणमातीचा थर लागला की ती आडवी वळतात. वर पुरेशी माती असेल तर झाडं लावायला हरकत नाही. भीती मुळांची नव्हती. माती टाकण्यात केलेल्या काटकसरीची होती.

असं असलं, तरी लावलेली झाडं जगणं ही फक्त पहिली पायरी. झाडं जगली म्हणजे बाग झाली. वन्यजीवांचं घर होण्यासाठी त्या जागेनं स्वतःची पुढची पिढी स्वतः उगवली पाहिजे. ती कशी उगवते, हे ज्या प्रयोगानं लख्ख दाखवलं तो झाला अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड या बेटावर.

तिथल्या कचराभूमीचं नाव ‘फ्रेश किल्स’. नाव ऐकून दचकू नका. ‘किल’ म्हणजे जुन्या डच भाषेत ओढा. समुद्राच्या भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करणारी ही खाजणाची, गवताळ दलदलीची जागा. १९४८ मध्ये तिथं शहराचा कचरा टाकायला सुरुवात झाली. रॉबर्ट मोझेस या त्या काळच्या वजनदार अधिकाऱ्याचा बेत तीन वर्षं भराव घालून पुढं जागा विकसित करण्याचा होता. तीन वर्षांची त्रेपन्न झाली. ऐंशीच्या दशकात भर ओसंडला तेव्हा रोज सुमारे २९ हजार टन कचरा तराफ्यांवरून तिथं येत होता. २२०० एकरांच्या त्या परिसरात चार डोंगर उभे राहिले. २२ मार्च २००१ रोजी शेवटचा तराफा आला आणि कचराभूमी बंद झाली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कोसळलेल्या मनोऱ्यांचा ढिगारा शोधकार्यासाठी तिथंच न्यावा लागला. त्यामुळे न्यूयॉर्ककरांच्या मनात त्या जागेला एक दुःखाची किनारही आहे.

पण आपला प्रयोग त्याच्याही आधीचा आहे. कचराभूमीचा एक भाग बंद झाला होता. तिथं स्टीव्हन हँडेल आणि जॉर्ज रॉबिन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी एका छोट्या तुकड्यावर १७ जातींची झाडं-झुडपं लावली. जंगल लावणं हा हेतू नव्हताच. तेवढी झाडं पाहून पक्षी येतात का, आणि आले तर काय करतात, हे त्यांना पाहायचं होतं. वर्षभरानं त्यांनी तो तुकडा पालथा घातला आणि नव्यानं उगवलेलं झाडा-झुडपाचं प्रत्येक रोपटं मोजलं. हजाराहून अधिक रोपटी भरली. त्यातली ९५ टक्के त्यांनी लावलेल्या झाडांची नव्हतीच! ती बाहेरून आली होती. आणि त्यांतली बहुतेक होती गरवाल्या फळांची, म्हणजे पक्ष्यांनी कुठंतरी फळ खाऊन इथं येऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची. हे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याला यात नवल वाटायला नको. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ कुणी लावलेला असतो? बुलबुल, मैना, कोकीळ, तांबट ही मंडळी वडा-पिंपळाची, उंबराची फळं खातात, कुठंतरी टेकतात आणि बी पेरून जातात. फुकटातले माळीच म्हणा ना! पण या माळ्यांची एक अट आहे. त्यांना बसायला फांदी लागते. नुसत्या बोडक्या टेकडीवर फळं खाणारा पक्षी सहसा उतरत नाही, तो वरून निघून जातो. मधे चार झाडांचा एक पुंजका दिसला की तिथं टेकतो, आणि पेरणी सुरू होते. म्हणजे सगळी टेकडी रोपांनी भरून टाकण्याची गरज नाही. ठिकठिकाणी मोजकी, जोमदार झाडं पुंजक्यापुंजक्यानं लावली तर उरलेलं काम पाखरं करतात. खर्चही कमी, आणि जे उगवतं ते त्या परिसराचंच असतं.

या प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र मला पहिलीहून महत्त्वाची वाटते. कुठल्या जातीची रोपटी किती उगवली, हे त्या जातीचं मोठं झाड तिथून किती दूर आहे यावर अवलंबून होतं. आसपास जुन्या वनराईचे तुकडे शिल्लक होते. पक्षी तिथं जेवत होते आणि इथं बी टाकत होते. ते तुकडे आधीच कापून इमारती झाल्या असत्या, तर पक्ष्यांनी आणलं काय असतं? हँडेल-रॉबिन्सन यांच्या रोपट्यांच्या मोजदादीतून खरं तर शेजाराचीच मोजदाद झाली होती.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. एकट्या इंग्लंडमध्ये जुन्या, बंद झालेल्या कचराभूमी सुमारे २० हजार आहेत. त्यांतल्या काहींवर माती टाकून गवत आणि रानफुलं पेरलेली आहेत. अशा जागा खरंच कीटक-पक्ष्यांच्या उपयोगी पडतात, की नुसत्या हिरव्या दिसतात? नॉर्थम्प्टन विद्यापीठात सॅम टॅरंट, लुत्फर रहमान, जेफ ऑलर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांची रीत साधी आणि चोख होती. इंग्लंडच्या मध्य-पूर्व भागातल्या नऊ कचराभूमी निवडल्या, आणि प्रत्येकीला जोडीदार म्हणून आधीपासून निसर्गासाठी नावाजलेली एकेक जागा घेतली. दोन हंगाम दोन्हीकडे सारख्याच पद्धतीनं फुलं आणि फुलांवर येणारे कीटक मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या जाती आणि संख्या यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रहमान यांनी पक्ष्यांची मोजणी केली तेव्हाही या टेकड्या मागं पडल्या नाहीत. इंग्रजी कवींचा लाडका स्कायलार्क, म्हणजे आपल्या चंडोलाचा भाऊबंद, तिथल्या शेतांमधून झपाट्यानं कमी होत चालला आहे. तो या गवताळ टेकड्यांवर घरटी करताना आढळला. त्याचा अभ्यास करताना संशोधकांनी नुसती टेकडी पाहिली नाही. भोवतालची जमीन कशी आहे, खाद्य किती आहे, याचाही हिशेब मांडला. पुन्हा शेजार आलाच!

चंडोलाच्या उदाहरणानं आपली एक ठाम समजूतही ढळायला हवी. निसर्ग वाचवायचा म्हणजे झाडं लावायची, असं आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे, की गवत दिसलं की आपल्याला ती रिकामी जागा वाटते. फ्रेश किल्सच्या टेकड्यांचं मोठं क्षेत्र आज गवताळ आहे. अमेरिकेत नैसर्गिक गवताळ रानं शेतीनं आणि शहरांनी गिळली. त्यामुळे गवतातच घरटं करणारे पक्षी बेघर झाले. त्यांतली एक ‘ग्रासहॉपर स्पॅरो’ नावाची मुठीएवढी चिमणी. २०१५ च्या सुमारास ती या झाकलेल्या कचऱ्यावर वीण करताना दिसू लागली, आणि पुढं तिथं तिची मोठी वसाहतच झाली. तिथं कुणी उत्साहानं दाट झाडी केली असती, तर या चिमणीनं त्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आपल्याकडची माळरानं आठवा. सरकारी दप्तरात ती पडीक जमीन. आणि माळढोक, तणमोर, चंडोल यांच्या लेखी तेच घर. कचराभूमीवर काय उगवायचं हे ठरवताना पहिला प्रश्न ‘कोणती झाडं लावू’ हा नसून ‘आसपास कोणाचं घर गेलं आहे’ हा असायला हवा.

एवढं सगळं गोड ऐकल्यावर थोडं कडूही ऐकलं पाहिजे. पक्षी आले म्हणजे जागा चांगली झाली, असं शास्त्रज्ञ लगेच मानत नाहीत. उघड्या कचराभूमीवरही घारी, कावळे, गायबगळे हजारोंनी असतातच. पण ती दोन-चार जातींची पंगत असते, नांदतं घर नसतं. बंद झालेल्या टेकडीवर आलेला पक्षी घरटं करतो का, अंडी उबतात का, पिल्लं उडून जाईपर्यंत जगतात का, पुढल्या वर्षी तो परत येतो का, हे पाहावं लागतं. ऐन विणीत गवत कापायचं यंत्र फिरलं, तर दिसायला सुंदर असलेली टेकडी पिल्लांसाठी सापळा ठरते. म्हणून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून वर्षानुवर्षं नोंदी ठेवतात आणि गवताची कापणी घरटी रिकामी झाल्यावर करतात.

शिवाय उघड्या जमिनीवर आगंतुक वनस्पती आधी घुसतात. आपल्याकडे घाणेरी आणि सुबाभूळ, तसं फ्रेश किल्सच्या ओलसर भागात परक्या बोरूसारख्या गवतानं बस्तान बसवलं होतं. २०१२ मध्ये ते खायला तिथं वीस शेळ्या आणून सोडल्या! न्यूयॉर्कसारख्या शहराला शेवटी शेळ्यांची मदत घ्यावी लागली, हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही धनगराला हसू येईल.

आणि वेळ? फ्रेश किल्स बंद झालं २००१ मध्ये. त्याच्या उत्तरेकडचा २१ एकरांचा पहिला तुकडा लोकांसाठी खुला झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे बावीस वर्षांनी, आणि तोही २२०० एकरांपैकी शंभरावा हिस्सा! कारण वायू येत राहतो, काळं पाणी पाझरत राहतं, माती बसत राहते. मग माहीमला अकरा वर्षांत कसं जमलं? तिथला ढीग पुष्कळ लहान होता, आणि तो होता प्लास्टिकचा महापूर येण्याआधीचा. त्या उकिरड्यात अजून थोडा जुना उकिरडा शिल्लक होता. शिवाय त्याला शेजार होता मिठीच्या काठच्या खारफुटीचा.

आज आपल्यापुढं असलेल्या जागा याहून कितीतरी अवघड आहेत. मुंबईची गोराईची कचराभूमी १९७२ ते २००७ अशी पस्तीस वर्षं चालली. सुमारे वीस हेक्टरवर कचऱ्याची टेकडी झाली होती. ती शास्त्रीय पद्धतीनं झाकून बंद करण्यात आली, वायू गोळा करण्याची सोय केली गेली. मुलुंडची २०१८ मध्ये बंद झाली. तिथं वेगळी वाट धरली गेली: ढीग उकरायचा, चाळायचा, माती, प्लास्टिक, दगड वेगळे करायचे आणि जमीन मोकळी करायची. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ पासून, देशभर जुन्या ढिगांबाबत याच पद्धतीवर भर आहे. आणि १९२७ पासून चालत आलेलं देवनार! तिथली १२४ एकरांच्या आसपासची जागा धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला.

उकरून साफ करण्याची पद्धत वाईट आहे असं मुळीच नाही. आजूबाजूच्या वस्त्यांमधली माणसं वर्षानुवर्षं तो धूर आणि ते पाणी सोसत आली आहेत. ढीग जाणं हा त्यांचा पहिला हक्क आहे. कचरा वेचून पोट भरणाऱ्या हजारो हातांना पुढं काय काम मिळणार, याचंही उत्तर आधी द्यावं लागेल. शहरात घरं लागतात हेही खरं. पण मोकळी झालेली प्रत्येक एकर जमीन आपोआप बांधकामाच्या खात्यात जमा होणार असेल, तर निसर्गाच्या वाट्याला काय, हा प्रश्न विचारणं भाग आहे.

मुंबईच्या बहुतेक कचराभूमी कुठं आहेत ते नकाशावर पाहा. सगळ्या खाडीच्या कडेला. दलदल म्हणजे टाकाऊ जागा, या जुन्या समजुतीनं कचरा तिथं गेला. फ्रेश किल्सला झालं तेच. याचाच अर्थ त्यांच्या शेजारी अजूनही खारफुटी आहे, चिखलपट्टे आहेत. देवनारच्या पलीकडची ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेली. ज्या शेजारामुळे एखादा उकिरडा पुन्हा जिवंत होऊ शकतो, तो शेजार आपल्याकडे आज आहे. ढीग निस्तरायला वीस-पंचवीस वर्षं लागतील. तेवढ्यात तो राहील का, हा खरा प्रश्न आहे.

माहीमच्या उद्यानाचीही चिंता मधे उत्पन्न झालीच होती. धारावी पुनर्विकासाच्या आखणीत त्याचं नाव आल्यावर निसर्गप्रेमी न्यायालयात गेले, आणि उद्यान प्रकल्पातून वगळलेलं आहे असं तिथं सांगण्यात आलं. एकदा दैना फिटली म्हणजे कायमची फिटली, असं नसतं. झालेलं राखावंही लागतं.

म्हणून कुठल्याही गावानं, नगरपालिकेनं आपली कचराभूमी बंद करायला घेतली, की नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. एक, खालचा वायू आणि काळं पाणी यांची सोय काय केली, आणि ती किती वर्षं पाहिली जाणार आहे? दोन, वर जे उगवायचं ते ठरवण्याआधी आसपासच्या झाडांची, गवतांची, पक्ष्यांची नोंद कुणी केली आहे का? आणि तीन, भोवतालचं ओढ्याकाठचं रान, माळ, तळं, खारफुटी यांना तोवर हात लागणार नाही, याची हमी कोण देतं? तिसरा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा. झाकण पैसे देऊन बसवता येतं, माती विकत आणता येते, रोपंही रोपवाटिकेत मिळतात. पण बी घेऊन येणारा बुलबुल आणि ते बी देणारं जुनं झाड विकत मिळत नाही.

उकिरड्याची दैना फिटते, ही म्हण खरीच आहे. फक्त जुन्या काळी ती फिटायची ती शेताच्या शेजारामुळे. आताही ती फिटेल ती रानाच्या, माळाच्या, खाडीच्या शेजारामुळेच. बारा वर्षांत फिटेल की पंचवीस, ते आपण आज तो शेजार किती सांभाळतो यावर आहे. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन माहीमच्या त्या उद्यानात एकदा जाऊन या. एखाद्या झाडाखाली उभं राहून त्यांना सांगा, की आपल्या पायाखाली शहराचा कचरा आहे. मुलं आधी खाली पाहतील, मग वर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)